कार्टूनमधलं काळं तोंड आणि आपलं हसू

गेल्या ईदला मंगरूळपीरला घरी गेलो होतो. शिरखुर्मा झाल्यावर मुलं मोबाईलवर ‘टॉम अँड जेरी’ लावून बसली. स्फोट झाला, टॉमचं तोंड काळं झालं, ओठ जाड झाले. सात वर्षांचा भाचा बहिणीकडे बोट दाखवून ओरडला, “ये देखो, काली!” सगळे हसले. मोठी माणसंही हसली, मीही हसलो. मग भाचीचा चेहरा दिसला.

त्या रात्री हा विनोद आला कुठून ते शोधत बसलो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून, ओठ मोठे रंगवून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचे. कार्टून आल्यावर तीच टिंगल कागदावर उतरली. ‘टॉम अँड जेरी’ १९४० साली सुरू झालं. त्यात घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई आठवते? तिचे पाय, चपला आणि झाडू दिसतो, चेहरा जवळजवळ कधीच नाही. तिला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीचं नाव लिलियन रँडॉल्फ. लहानपणी लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून आम्ही ते बघायचो, पण या बाईला तोंड का नाही, असं कधी मनात आलं नाही. पुढे १९६८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सची ११ जुनी कार्टून वर्णद्वेषी चित्रणामुळे टीव्हीवरून काढली गेली.

कधी कधी हा नेम आपल्यावरही असतो. १९९२ च्या ‘अलादीन’मध्ये नायक अमेरिकन ढंगात बोलतो आणि बाजारातले दुष्ट लोक जाड अरबी ढंगात. पहिल्याच गाण्यात अरबांचा मुलुख म्हणजे तोंड पसंत नसेल तर कान कापणारा, असं वर्णन होतं. अमेरिकेतल्या अरब नागरिकांच्या संघटनेने नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि १९९३ च्या व्हिडिओत ती बदलली गेली. नुसत्या संतापापेक्षा नेमकी तक्रार कामाला येते, ती अशी.

‘अलादीन’चा राग आपल्याला सहज येतो, कारण तिथे टिंगल आपली आहे. पण आपल्याच घरात? हजरत बिलाल यांचं नाव अभिमानाने घ्यायचं आणि रिश्ता बघताना पहिला प्रश्न विचारायचा, “लडकी गोरी है ना?” हे दोन्ही एकाच बैठकीत चालतं.

दुसऱ्या दिवशी भाच्याला समजवायला बसलो. भाची मध्येच म्हणाली, “मामू, तुम भी हंसे थे.” आधी तिची माफी मागितली, मग भाच्याशी बोललो.

आपल्यातले बरेच जण संगणकावर काम करतात. ब्लेंडरसारखं अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वाशिम जिल्ह्यातली एखादी सावळी, हुशार मुलगी पडद्यावर आणायला कोणाची परवानगी लागत नाही. ते होईल तेव्हा होईल. तोवर मुलांसोबत कार्टून बघताना एवढं विचारा: इथे कोणाला नाव नाही, आणि आपण नेमके कोणाला हसतोय?