ठासणीच्या बंदुकीची गोळी घरच्या चुलीवर नको



भात निसवायला लागलं की पनवेल तालुक्यातल्या डोंगराकडेच्या गावांना रात्रीची झोप नसते. कर्नाळा, प्रबळगड, माथेरान यांच्या पायथ्याला ज्याचं शेत आहे त्याला रानडुक्कर काय चीज आहे हे सांगायला नको. कळप येतो, खातो थोडं, लोळवतो आणि तुडवतो जास्त. बांध उकरतो ते वेगळंच. म्हणून ज्यांच्याकडे शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे ते या दिवसांत ती बाहेर काढतात, पुसतात, तेल देतात. आणि काही जण शिसं वितळवून गोळ्या ओततात. आज त्यावर बोलायचंय.

आधी हे लोक का ओततात ते समजून घेऊ. ठासणीची बंदूक कारखान्यातल्या मापाची नसते. गावच्या किंवा शहरातल्या कारागिराने एकेक नळी केलेली. एकीचं तोंड दुसरीशी जुळत नाही. म्हणून पूर्वी बंदुकीबरोबर तिच्याच मापाचा साचाही यायचा. गोळी सैल झाली तर नेम जातो, घट्ट झाली तर गजाने ठासताना अडकते. "आपल्या बंदुकीला आपलीच गोळी" हे म्हणणं उगाच आलेलं नाही. आमच्याही माळ्यावर आजोबांचा लोखंडी साचा आहे, पकडीसारखा, दोन पाकळ्यांचा. त्या हातकामाबद्दल मला आदर आहे. पण माझं मत स्पष्ट आहे: आज हे काम घरात होऊ नये.

पहिलं कारण पोराबाळांचं. शिसं साधारण ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे चुलीवर सहज. म्हणूनच ते सोपं वाटतं. पण लाकडाच्या जाळावर तापमान हातात राहत नाही. जास्त तापलं की वाफ निघते, वर राखेसारखी मळी येते. ती मळी काढून आपण टाकतो कुठे? चुलीच्या कडेला, अंगणात. तिची धूळ हाताला, कपड्याला, भांड्याला लागते. शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढंच शिसं पोटात गेलं तर लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं. परिणाम मेंदूवर होतो, आणि तो भरून येत नाही. ताप नाही, उलटी नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पोरगं अभ्यासात मागे का पडतंय हे कळायला मार्ग नसतो. देशाने २००० साली पेट्रोलमधलं शिसं बंद केलं ते याच कारणाने. ते आपण चुलीवर परत का आणायचं?

त्यातही जुन्या बॅटरीच्या प्लेटा वितळवणं सगळ्यात वाईट. त्यात ॲसिड असतं, अँटिमनी आणि आर्सेनिकही असू शकतं, विषारी वायू निघतात. आणि साचा ओला असेल किंवा वितळल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर क्षणात वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. आपल्या पावसाळी हवेत घरात कोरडं असं काय असतं सांगा.

दुसरं कारण कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, ती शेतकऱ्याच्या बाजूची आहे. पण त्याच कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची साधनंही येतात, आणि बनवायला वेगळा परवाना लागतो. आपला परवाना बंदूक बाळगायचा आहे, बनवायचा नाही. शिवाय शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मारायची परवानगी वनखात्याचा अधिकारी लेखी देतो. ती नसेल तर गुन्हा आपल्यावर. परवानगीशिवाय मारलेल्या डुकराचं मांस वाटून खाल्लं तर आणखी.

तिसरं कारण आपल्याच खाचराचं. छर्रा डुकराला लागो न लागो, शिसं चिखलात राहतं. पाणपक्षी दाणा किंवा खडा समजून तो गिळतात आणि विषबाधेने मरतात. अमेरिकेने १९९१ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागेत बंद केले. आपलं भाताचं खाचर चार महिने पाणथळ जागाच असते, आणि कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य शेजारी आहे.

"मग आम्ही करायचं काय?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. नुसतं "करू नका" म्हणून शेतकऱ्याचं भात वाचत नाही. बंदुकीचा खरा उपयोग आवाजाचा आहे. नुसती दारू ठासून हवेत बार काढला तरी कळप पांगतो, त्याला गोळी लागत नाही. पण तोच आवाज रोज ऐकला तर डुकरं सरावतात, म्हणून जागा आणि वेळ बदलत राहावं. डोंगराकडच्या बांधाला सौर कुंपण एकट्याने परवडत नाही, पाच-सहा जणांनी मिळून घातलं तर परवडतं.

नुकसान झालं तर खाचर साफ करण्याआधी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा मागा. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही पीक विम्याच्या जोडसंरक्षणात घेता येईल, आणि ते ७२ तासांत ॲपवर कळवायचं. कुठले प्राणी आणि कुठले जिल्हे हे राज्याने ठरवायचंय. रायगड त्यात यावा म्हणून ग्रामसभेचे ठराव आत्ताच करून ठेवावेत.

सरकारकडेही मागणी आहे. परवानाधारक शेतकऱ्याला परवान्याचा दारूगोळा तालुक्यातच आणि रास्त भावात मिळावा. लेखी परवानगी हंगाम संपायच्या आत मिळावी. ती दिवाळीनंतर हातात आली तर कापलेल्या भाताला काय उपयोग? परवान्याचं सरळ काम अवघड ठेवलं की माणूस आपोआप चुलीकडे वळतो.

कृषी सहायक मंडळींना एक विनंती. शेतीशाळेत फवारणीचं किट घाला असं तुम्ही सांगता, तसं शिशाबद्दलही दोन मिनिटं बोला. ज्या घरात हे काम वर्षानुवर्षं झालंय तिथल्या लहान मुलांच्या रक्ताची शिशासाठी तपासणी करून घ्या, डॉक्टरांना तसं सांगून.

आजोबांचा साचा फेकू नका. पुसून, तेल लावून ठेवा, नातवंडांना दाखवा. फक्त चुलीवर ठेवू नका.