दाखला नसलेलं कुत्रं



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खेड्यातली कोणतीही शाळा घ्या. मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या खिचडीचा वास सुटला की फाटकापाशी एखादं कुत्रं हजर असतंच. मुलं त्याच्यापुढं घास टाकतात. कोणी त्याला मोती म्हणतं, कोणी काळ्या, कोणी वाघ्या. ते कोणाचं, कुठून आलं, हे विचारलं तर उत्तर एकच मिळतं, "काय मायती सर, असंच आलं."

आजवर हे असंच चालत आलं. आता मात्र आपल्याला यावर विचार करावा लागणार आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणची भटकी कुत्री हलवावीत, आवाराला कुंपण घालावं आणि तिथून उचललेलं कुत्रं नसबंदी व लसीकरणानंतरही पुन्हा त्याच जागी सोडू नये. त्याआधी, २२ ऑगस्ट २०२५ च्या दिल्ली परिसराबाबतच्या आदेशात याच न्यायालयानं आणखी एक वाट दाखवली होती. ज्याला इच्छा असेल त्यानं रीतसर अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यावं. मात्र ते परत रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी त्याची.

शाळेच्या आवारात मोकाट कुत्री नकोत, हे शिक्षक म्हणून मला पूर्ण मान्य आहे. पहिलीतलं लेकरू कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीचं असतं. पण फाटक लावून घेतलं म्हणजे आपलं काम संपलं का? ते कुत्रं गावातच राहणार, पुढच्या वर्षी त्याची पिल्लंही गावातच होणार. म्हणून मला ती दुसरी वाट जास्त महत्त्वाची वाटते. एक घर, एक कुत्रं, एक नाव. ज्या घराला झेपेल त्या घरानं विकतचं पिल्लू आणण्याऐवजी असं एक कुत्रं घरात घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे पालकसभेत बोलून पाहा. लगेच प्रश्न येतो, "त्याचं काही मायती नाही, घरात कसं घ्याचं?" प्रश्न रास्त आहे. त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

दाखला नाही, मग प्रवेश नाही?

आधी आपल्याच कामातलं उदाहरण घेऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ आपण रोज राबवतो. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेची टीसी यायला उशीर झाला तरी नाकारता येत नाही. कधीच शाळेत न गेलेलं मूल आलं तर त्याला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि जे राहून गेलं ते शिकवायचं. मुलाची आणि कुत्र्याची बरोबरी मी करत नाही. पण कागद नसलेल्या जिवाला आत कसं घ्यायचं, याची रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. मागचं माहीत नसेल तर आज काय आहे ते नीट पाहायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

जनावरांचे डॉक्टरही हेच करतात. मोठ्या कुत्र्याला आधी लस दिली की नाही हे माहीत नसेल, तर दिलेलीच नाही असं धरतात आणि लसीकरण नव्यानं सुरू करतात. रेबीजची लस, इतर आजारांची लस, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, नसबंदी, सगळं पहिल्यापासून. त्यासाठी त्याच्या मागच्या पाच वर्षांची हकिकत लागत नाही. गावात किंवा जवळ गुरांचा दवाखाना असतोच. बैल, गाय, बकरी तिथं जाते तसं कुत्रंही नेता येतं.

रेबीजबद्दल स्पष्ट बोलू

प्रेमाच्या गोष्टीत हा विषय टाळून चालणार नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस बहुधा वाचत नाही. पण चावल्यावर वेळेत उपचार घेतले तर हा आजार टाळता येतो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला. म्हणजे ही सोय जगाला एकशे चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही अजून आपल्याकडं कोणी जखमेवर मिरची भरतं, कोणी चुना लावतं, कोणी मंत्र टाकायला नेतं. तसं करू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करायचे. पिल्लानं ओरबाडलं तरी हाच नियम.

अनोळखी कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेबीजचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. त्यामुळं आज लस दिली आणि उद्यापासून निर्धास्त झालो, असं होत नाही. सुरुवातीचे काही महिने त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवा. या काळात त्यानं कोणाला दात लावला तर "आपलंच आहे" म्हणून सोडून देऊ नका. कुत्र्यावर प्रेम आणि लेकरांची काळजी या गोष्टी वेगळ्या नाहीत.

"याला कोणीतरी मारलं असेल"

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. असं कुत्रं घरी आलं की आपण त्याची कहाणी रचायला लागतो. झाडू पाहून दबकलं, म्हणजे याला झाडूनं मारलं असेल. टोपीवाल्या माणसावर भुंकलं, म्हणजे टोपीवाल्यानं छळलं असेल. मग "बिचारं ते" म्हणून त्याला काही शिकवायचं नाही, काही अडवायचं नाही, येता-जाता पोळी टाकत राहायचं. नाहीतर उलटं. "रस्त्यावरचं आहे, त्याची जातच तशी" म्हणून कायम साखळीला.

यातली पहिली कहाणी खरी असू शकते. पण नसूही शकते. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर बरीच वर्षं अभ्यास करून १९६५ साली त्याचं पुस्तक काढलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, हे त्यांच्या कामातून पुढं आलं. या काळात जी माणसं, वस्तू, आवाज ओळखीचे होतात त्यांची भीती पुढं सहसा वाटत नाही. जे त्या वेळी पाहिलंच नाही ते पुढं भीतीदायक वाटू शकतं. शेताच्या धुऱ्यावर जन्मलेल्या पिल्लानं त्या आठवड्यांत झाडू पाहिलाच नसेल, तर कोणी न मारताही ते झाडूला भिणार.

म्हणजे भीती दिसली ती खरी. भीतीचं कारण आपण लावलेलं. दोन्ही कारणांवर उपाय मात्र जवळपास सारखाच. झाडू लांब ठेवा, कुत्रं शांत असताना त्याला काही खायला द्या, रोज झाडू थोडा जवळ आणा. घाई नको, ओढाताण नको. त्याचा भूतकाळ शोधण्यात जो वेळ जाईल तो या कामाला द्या.

वर्गातही आपण असंच करतो ना? वर्षाच्या मध्येच आलेलं मूल गप्प बसतं. स्टाफरूममध्ये लगेच अंदाज निघतात. बापाचं असं असेल, घरचं तसं असेल. त्या अंदाजांचा त्या मुलाला किती उपयोग होतो, हे आपलं आपण पाहावं.

पहिले काही दिवस

दत्तक कुत्र्याबद्दल जाणकार लोक तीनचा ढोबळ हिशेब सांगतात. तीन दिवस भेदरलेपण, तीन आठवडे घराची रीत समजायला, तीन महिने घर आपलं वाटायला. कोणाला कमी लागतील, कोणाला जास्त. पहिल्या दिवसांत त्याला एक कोपरा द्या, एक वाडगं द्या, जेवणाची वेळ ठरलेली ठेवा. मुलांना मिठी मारू देऊ नका. ते खात असताना, झोपलेलं असताना हात लावायचा नाही, हा घराचा नियमच करा. त्याला आपणहून जवळ येऊ द्या.

शेपटी पायात घेणं, कान मागं करणं, भूक-झोप नसताना ओठ चाटणं किंवा जांभया देणं, एकदम ताठ उभं राहणं, ही घाबरल्याची चिन्हं आहेत. हलणारी शेपटी दर वेळी आनंदाचीच असते असं नाही. आणि गुरगुरलं म्हणून मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. मार खाऊन ती सूचना बंद झाली तर पुढं ते न सांगता चावेल.

खायला आपल्या घरची भाकर, भात, अंडं चालतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट देऊ नका. आपला जिल्हा कापसाचा. फवारणीचे रिकामे डबे आणि उंदराचं औषध त्याच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा.

गावरान म्हणजे कमी कसं?

आपण गावरान कोंबडीला जास्त पैसे मोजतो. गावरान अंडं, गावरान तूप शोधत फिरतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हाच शब्द हिणवायला वापरतो आणि बर्फाळ मुलखातलं दाट केसांचं पिल्लू हजारो रुपये देऊन आणतो. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं. त्या परदेशी पिल्लाचे काय हाल होत असतील? गावरान कुत्रं याच मातीत, याच उन्हात पिढ्यान् पिढ्या टिकलेलं आहे. त्यालाही सावली आणि पाणी लागतंच, पण ते इथलं आहे.

ज्यांना हे कमीपणाचं वाटतं त्यांनी रतन टाटांचं उदाहरण पाहावं. जगातलं कोणतंही कुत्रं ते विकत घेऊ शकले असते. त्यांच्या लाडक्या कुत्र्यांपैकी एक गोव्यात एका सहकाऱ्याच्या गाडीत शिरलेलं भटकं पिल्लू होतं. ते थेट मुंबईच्या बॉम्बे हाऊसपर्यंत आलं. मागचं काही माहीत नव्हतं, फक्त कुठून आलं तेवढं माहीत होतं. म्हणून नावच ठेवलं गोवा. २०१८ साली बॉम्बे हाऊसचं नूतनीकरण झालं तेव्हा तिथं भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली केली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा गेले, तेव्हा त्यांच्या अंत्यदर्शनाला गोवालाही आणलं होतं.

कोणी घेऊ नये?

हेही सांगितलं पाहिजे. कुत्रं दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतं. आज चौथीत असलेलं मूल तोवर कॉलेजात जाईल. म्हणून मुलानं हट्ट केला म्हणून घेऊ नका, घरातल्या मोठ्या माणसाला सांभाळायचं असेल तरच घ्या. ज्या घरातली माणसं दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी जातात, त्यांनी मागं कोण पाहणार हे आधी ठरवावं. सहा महिने लळा लावून परत रस्त्यावर सोडण्यापेक्षा न घेतलेलं बरं. न घेणाऱ्यांनीही गावातल्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणासाठी ग्रामपंचायतीकडं पाठपुरावा केला, तरी मोठं काम होईल.

वर्गात करून पाहा

"माझा आवडता प्राणी" हा निबंध आपण दर वर्षी लिहून घेतो. कुत्रा इमानी असतो, तो घराची राखण करतो, हे प्रत्येक वहीत सापडतं. माणसानं कुत्र्याशी इमान राखलं का, हे कोणत्याच वहीत नसतं.

या वर्षी थोडं वेगळं करा. तिसरी-चौथीच्या मुलांना सांगा, घराच्या ओट्यावरून सात दिवस एक कुत्रं पाहा. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. वहीत दोन रकाने करा. एकात 'मी पाहिलं', दुसऱ्यात 'मला वाटलं'. "ते लंगडत होतं" पहिल्या रकान्यात. "त्याला कोणी दगड मारला" दुसऱ्यात. आठव्या दिवशी वर्गात वाचन घ्या आणि कोणतं वाक्य चुकीच्या रकान्यात गेलं ते मुलांनाच शोधू द्या. भाषा होते, परिसर अभ्यास होतो, आणि न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगू नये हेही मुलं शिकतात.

हीच वही पुढच्या पालकसभेत पालकांना वाचायला द्या. कुत्रं घ्यायचं की नाही यावरची चर्चा तिथून सुरू करता येईल. आणि कोणी घ्यायचं ठरवलं, तर त्यांना आधी गुरांच्या दवाखान्याची वेळ सांगा.