मुद्दल मोडून खाणारा हिशेब

एखाद्या कुळागराच्या धन्याने माड-पोफळी तोडून विकल्या आणि वर्षअखेर घरच्या मंडळींस सांगितले की, यंदा आपले उत्पन्न तिपटीने वाढले, तर घरातील वडीलधारी माणसे त्यास काय म्हणतील हे निराळे सांगावयास नको. मुद्दल शाबूत ठेवून जे खर्चता येते त्यासच उत्पन्न म्हणावे, हे व्यवहारज्ञान आमच्या खेड्यांतील निरक्षर आजीबाईसही असते. ते राज्यांच्या आणि राष्ट्रांच्या हिशेबवह्यांत मात्र अजून पुरतेपणी उतरलेले नाही.

सकल देशांतर्गत उत्पादनाचा आकडा हा प्रगतीचा मानदंड समजला जातो. ह्या आकड्यात डोंगर फोडून विकलेले खनिज जमेस धरले जाते, पण डोंगर गेला ह्याची नोंद होत नाही. कारखान्यातील यंत्र झिजले तर निव्वळ उत्पादन काढताना त्याचा घसारा वजा होतो. आटलेली विहीर, गाळाने भरलेली नदी आणि रिती झालेली खाण ह्यांस घसारा नाही. राष्ट्रीय उत्पन्नाची मोजदाद ज्यांनी रूढ केली त्या सायमन कुझ्नेट्स ह्यांनीच १९३४ साली अमेरिकेच्या काँग्रेसला बजावले होते की, राष्ट्राचे कल्याण अशा आकड्यावरून ताडता येणार नाही. तो इशारा मागे पडला. आकडा तेवढा राहिला.

ह्याचा दाखला शोधण्यास गोमंतकाबाहेर जावयास नको. पोर्तुगीज अमदानीत वाटलेल्या सवलतींवर डिचोली, सत्तरी, सांगे, केपे ह्या तालुक्यांत लोहखनिजाचा धंदा उभा राहिला आणि मुरगाव बंदरातून प्रथम जपानकडे, पुढे चीनकडे खनिज गेले. त्या सवलतींचे रूपांतर १९८७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या. एप्रिल २०१४ च्या निकालात, ह्या पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती आणि त्यानंतरचे खनन बेकायदा होते, असे न्यायालयाने म्हटले. पुढे नूतनीकरण केलेले ८८ पट्टेही फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झाले. ह्या सर्व काळात खनिजाचे स्वामित्वधन राज्याच्या अंदाजपत्रकात महसुली जमा म्हणून आले आणि चालू खर्चात विरले. घर विकून आलेला पैसा महिन्याच्या बाजारात घालावा, तसाच हा प्रकार झाला.

खनिजास निदान बाजारभाव तरी आहे. ज्यास बाजार नाही त्याची दखल कोणत्याच वहीत नाही. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते. पावसाळ्यात डंपांवरून वाहणारी ती माती शेतांत आणि ओहळांत जाऊन बसली. खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले आणि खाणगावांतील झरी व विहिरी आटल्या.  गावास टँकरने पाणी पुरविले तो खर्च मात्र उत्पादनात मोडला. म्हणजे विहीर आटल्याने आकडा घटण्याऐवजी वाढला! आमच्या पूर्वजांनी बांध घालून आणि मानशीची दारे बसवून खाडीपासून राखलेली खाजने भात देतात, मासळी देतात, भरतीचे पाणी अडवितात. पहिल्या दोहोंचे पैसे होतात म्हणून ती मोजली जातात. तिसरे काम फुकट होते म्हणून त्यास किंमत नाही. बांध फुटेल तेव्हाच ती कळेल.

जगात हा हिशेब सुधारण्याचे काम सुरू झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१२ साली पर्यावरणीय लेख्यांची चौकट आणि २०२१ साली परिसंस्थांच्या लेख्यांची पद्धत स्वीकारली. मार्च २०२५ मध्ये स्वीकारलेल्या नव्या राष्ट्रीय लेखापद्धतीत तर नैसर्गिक संपत्तीची घट हा उत्पादनाचाच खर्च मानून निव्वळ उत्पादनातून वजा करावयाचा आहे. आपल्या देशात प्रा. पार्थ दासगुप्ता ह्यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०१३ साली हरित लेख्यांचा आराखडा दिला आणि २०१८ पासून केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय अशी लेखे प्रसिद्ध करू लागले. परंतु दिल्लीत छापलेल्या पुस्तकाने गावची झर वाचत नाही. निर्णय घेणाऱ्याच्या मेजावर तो हिशेब आला पाहिजे.

ह्यावर एक आक्षेप आहे आणि तो आम्ही हलका मानीत नाही. देवराईची किंमत रुपयांत कशी करावी? किंमत ठरली की ती मोजून देवराई तोडण्याची वाट मोकळी होते, ही भीती निराधार नव्हे. वनजमिनीच्या वळवणुकीवर निव्वळ वर्तमान मूल्य आकारण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. हेतू चांगला होता, पण पुष्कळदा ते मूल्य म्हणजे परवान्याची फी ठरली. म्हणून आमचे म्हणणे असे की, आधी हिशेब रुपयांत नव्हे तर वस्तूंत मांडावा. खनिज किती टन उरले, खाजन किती हेक्टर शाबूत आहे, विहिरींची पातळी वैशाखात किती खोल गेली, नदीत गाळ किती साचला, हे मोजण्यास बाजारभाव लागत नाही. आणि जे विकावयाचेच नाही ते विकावयाचे नाही, असेही त्या वहीत लिहिता येते.

दुसरा प्रश्न पोटाचा आहे. २०१२ आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवाले, बार्जवरील खलाशी आणि खाणकामगार ह्यांच्या चुली विझण्याची वेळ आली. त्यांचे दुःख खरे होते. पण खाणी जोरात चालू असताना स्वामित्वधनाचा मोठा भाग बाजूस ठेवला असता, तर त्याच्या व्याजावर ह्या कुटुंबांस तो काळ निभावता आला असता. मुद्दल मोडल्याची शिक्षा भोगतो तो नेहमी गरीबच. विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा जो आदेश न्यायालयाने २०१४ साली दिला, तो पुढील पिढ्यांच्या हक्कापोटीच दिला.

डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव नव्याने सुरू झाले आहेत. जुनी चूक नव्या कागदावर गिरवावयाची नसेल, तर शासनाने तीन गोष्टी कराव्यात. खनिजाचे उत्पन्न भांडवली जमा मानून निधीत ठेवावे आणि महागाई वजा जाता उरणारे व्याजच खर्चावे. दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर पाणी, वन, खाजन आणि खनिज ह्यांचा ताळेबंद विधानसभेपुढे ठेवावा. आणि त्या ताळेबंदाची पंचायतवार प्रत ग्रामसभेत वाचून दाखवावी, कारण कोणती विहीर आटली हे गावाइतके कोणास ठाऊक असणार?

हा डोंगर आम्हांस वाडवडिलांकडून मिळाला. आम्ही त्याचे धनी नव्हे, विश्वस्त आहोत. विश्वस्ताने हिशेब द्यावयाचा असतो. तो मागणारी मुले आज शाळेत आहेत, एवढ्यावरून तो टाळता येणार नाही.