फायबरच्या टोकाची चिप

लासुर्ण्यासारख्या ऊसपट्ट्यातल्या गावात ब्रॉडबँडचा विषय निघाला की चर्चा होते ती खोदाईची, तुटलेल्या केबलची आणि गेलेल्या विजेची. २०११ साली मंजूर झालेल्या, आज ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा विडा उचलला. पण त्या फायबरच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांतली चिप कोण बनवतो, याकडे आपले लक्ष नसते. अशा चिपचे उत्पादक जगात मोजकेच आहेत. त्यांपैकी ब्रॉडकॉमविरुद्ध युरोपीय आयोगाने ऑक्टोबर २०१९मध्ये अंतरिम आदेश काढला. मोडेम आणि सेट-टॉप बॉक्सच्या चिप एकाच कंपनीकडून घ्यायला लावणाऱ्या करारांवर आयोगाचा आक्षेप होता. २०२१मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानेही तशा करारांना मनाई केली.

संशोधनाला अफाट भांडवल लागते, म्हणून मोठ्या कंपन्या हव्यातच, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. पण मोठे होणे वेगळे आणि ग्राहकाला बांधून घेऊन दुसऱ्याची वाट अडवणे वेगळे. खर्चाचा मोठा वाटा खोदाईचा असतो, हा आक्षेपही रास्त आहे. मात्र पुरलेले फायबर वर्षानुवर्षे टिकते, यंत्रे अधूनमधून बदलावीच लागतात. त्या प्रत्येक बदलाच्या वेळी पर्याय नसेल, तर भाव विकणाराच ठरवतो. सी-डॉट आणि तेजस नेटवर्क्स देशी उपकरणे घडवतात, ही जमेची बाजू. तेवढ्यावर थांबून चालणार नाही. सरकारी निविदांनी एका चिपवर न अडणारी, खुल्या मानकांवर चालणारी यंत्रेच मागावीत. स्पर्धेचा लाभ गावापर्यंत पोहोचवण्याचा तोच भरवशाचा मार्ग आहे.