कॅम्परमध्ये एसी आहे, पण हवा?

मे महिन्याची सुट्टी लागली की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या घराघरांत एकच बेत शिजतो, तो म्हणजे डोंगरात पळायचं. त्यासाठी हॉटेल बुक करण्याऐवजी आता कॅम्परही भाड्यानं मिळतो. मोठ्या व्हॅनमध्येच पलंग, छोटासा ओटा, कधी शौचालयही. आजी-आजोबांना बरोबर नेता येतं, मुलांना तर ते चालतं-फिरतं घरच वाटतं. महाराष्ट्रानंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. गाडी ठरवताना सगळे हमखास विचारतात, ‘‘एसी आहे ना?’’ प्रश्न योग्यच आहे, पण अर्धा. आतली हवा बाहेर कुठून जाते आणि ताजी हवा कुठून येते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

गार हवा म्हणजे ताजी हवा नव्हे

छतावरचा एसी बहुतेक वेळा आतलीच हवा फिरवून गार करत राहतो. चार-पाच माणसं खिडक्या घट्ट लावून रात्रभर झोपली की सकाळी डोकं जड होतं, ते यामुळेच. एवढ्यावर निभावलं तर ठीक. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. एसी जनरेटरवर सुरू होता आणि जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असं तपासात पुढे आलं. या वायूला ना रंग, ना वास. झोपेतल्या माणसाला काही कळतही नाही. दिल्लीत दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात ना, तोच हा वायू. तेव्हा थंडीपासून वाचायचं असतं, इथे उन्हापासून.

म्हणून जनरेटर गाडीच्या आत किंवा पोटाखाली नको. तो बाहेर, लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवा. इंजिन सुरू ठेवून एसीत झोपणं तर नकोच. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन सहज मिळतो. गाडीत नसेल तर स्वतः घेऊन जा. स्वयंपाक शक्यतो बाहेर करा. आत करायचाच असेल तर छताची झडप आणि एक खिडकी उघडी ठेवून. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी असायलाच हवी, तिच्यावर पिशव्या रचू नका.

बॅटरीचं गणित

‘‘एसी बॅटरीवर रात्रभर चालेल,’’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर बॅटरी केवढी आहे ते विचारा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १२०० वॅट-तास वीज मावते. हजारभर वॅटचा एसी ती तासाभरात संपवतो. तीस-चाळीस वॅटचा छतावरचा पंखा मात्र त्याच बॅटरीवर अख्खी रात्र काढतो.

हा पंखा लावण्याचीही एक युक्ती आहे. गरम हवा वर चढते, म्हणून पंख्यानं हवा बाहेर फेकायची आणि सावलीच्या बाजूची एकच खिडकी थोडी उघडायची. तिथून हवा आपोआप आत ओढली जाते. सगळ्या खिडक्या उघडल्या तर ओढ विखुरते. खिडकीला मच्छरदाणीची जाळी हवीच. हवा थोडी कमी येईल, पण दिल्लीच्या डासांपुढे तो सौदा परवडतो.

लू वाहत असताना मात्र उलटं. दुपारी खिडकी उघडणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं. सकाळीच काचा-पडदे बंद करा, मोठ्या काचा पश्चिमेकडे येणार नाहीत अशी गाडी लावा आणि पुढच्या काचेवर आतून नव्हे, बाहेरून कव्हर घाला, म्हणजे ऊन काचेच्या आधीच अडतं. काळी फिल्म लावायचा मोह टाळा. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. गाडी उभी असताना लावायचे, काढता येणारे पडदे उत्तम.

मे महिन्यात उत्तरेतली हवा कोरडी असते, तेव्हा छोटा कूलर किंवा खिडकीवर ओला पंचा छान काम करतो. अट एकच, दुसरी खिडकी उघडी हवी, नाहीतर आत नुसता दमटपणा साठतो. जुलैत किंवा कोकणात हाच उपाय फसतो. तिथल्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की पाणी सुकतच नाही.

मुलं आणि आजी-आजोबा

उन्हात उभी केलेली बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी तापते, आणि काच बोटभर उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. ‘‘पाचच मिनिटांत येतो’’ म्हणून बाळाला, झोपलेल्या आजीला किंवा कुत्र्याला आत ठेवून ढाब्यावर उतरू नका. कोणी गोंधळल्यासारखं बोलू लागलं किंवा अंग तापूनही घाम येईनासा झाला तर त्यांना सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि दवाखाना गाठा. पन्हं, ओआरएस हे सगळं त्याआधीचं, माणूस शुद्धीवर असतानाचं.

आणि मुक्काम कुठे करायचा? जून २०२४ मध्ये दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर एका रात्रीचं किमान तापमानच ३५.२ अंश होतं. अशा रात्री मैदानी भागात कॅम्परमध्ये झोपण्याचा हट्ट मला तरी पटत नाही. पहाटे चारला निघा, मुरथलला पराठे खा आणि ऊन तापायच्या आत पुढे सरका. दर हजार मीटर उंचीला पारा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतो. कसौली १९०० मीटरच्या आसपास आहे. तिथे पोचलात की एसी बंद करून छताची झडप उघडा, आणि एखादी चादर हाताशी ठेवा.