लिनक्स केवळ तंत्रज्ञांसाठी नाही

‘लिनक्स हा तंत्रज्ञांचा छंद, घरच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत आता जुने झाले आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा नसलेल्या जुन्या संगणकांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असे धडधाकट यंत्र भंगारात काढण्याआधी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का, हे तिथेच कळते.

बँकेचे व्यवहार, ईमेल, व्हिडिओ हे सारे ब्राउझरमध्येच होते; तिथे फरक जाणवत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टंकलेखनही सहज होते. केरळच्या सरकारी शाळांतील मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकत आहेत. ती काही जन्मजात तंत्रज्ञ नव्हेत.

काही कामे लिनक्सवर नीट होत नाहीत, ही पत्रलेखकाची तक्रार मात्र रास्त आहे. टॅली, फोटोशॉप किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांतील डीटीपी यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांनी घाईने विंडोज काढू नये. लिबरऑफिसमध्ये गुंतागुंतीच्या वर्ड फायलींची मांडणीही कधी कधी विस्कटते. पण हे निवडक कामांचे प्रश्न आहेत. त्यावरून सर्वांनाच ‘वाटेला जाऊ नका’ असे बजावणे म्हणजे वाचकांना नव्या यंत्राच्या खर्चात नाहक ढकलणे होय.

– एक वाचक, सातारा