ख्रिस्ती श्रद्धा आणि प्रामाणिकपणा : रमाबाईंचं उघडं दार



डिसेंबर आला की शाळाशाळांत नाताळ साजरा होतो. कापसाची दाढी, लाल टोपी, केक आणि फोटो. मुलं खूश होतात, ते चांगलंच आहे. पण ज्या येशूच्या जन्माचा हा सण, त्यानं जगायचं कसं हे काय सांगितलं, यावर त्या दिवशी एक वाक्यही बोललं जात नाही. माझं मत असं आहे की मूल्यशिक्षणाच्या तासाला ख्रिस्ती श्रद्धेतून एकच गोष्ट घ्यायची झाली, तर ती प्रामाणिकपणाची घ्यावी. त्यासाठी परदेशातली उदाहरणं शोधायला नकोत. आपल्या महाराष्ट्रातच ती आहेत.

आधी मूळ शिकवण पाहू. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की शपथ घ्यायची वेळच येऊ नये, इतकं तुमचं साधं बोलणं खरं असू द्या. त्याच प्रवचनात तो म्हणतो की प्रार्थना लोकांना दिसावी म्हणून करू नका, खोलीत जा, दार लावा आणि मग करा. शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट येते. हा यरीहो गावचा जकातदारांचा प्रमुख, पैसेवाला, उंचीनं लहान. गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढला. येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवलं आणि ज्यांना लुबाडलं असेल त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. लक्षात घ्या, 'चुकलो' म्हणून तो थांबला नाही. त्याचा पश्चात्ताप हिशेबाच्या वहीपर्यंत पोचला.

आता आपल्याकडचं उदाहरण. पंडिता रमाबाई संस्कृतच्या गाढ्या विदुषी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील, असा शब्द त्यांनी दिला होता. मुलींना आपापल्या रीतीनं पूजा आणि उपास करायची मोकळीक होती. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये ज्यांचा पुनर्विवाह झाला, त्या गोदूबाई याच सदनात शिकल्या होत्या आणि त्या हिंदूच राहिल्या.

पण वाद पेटला. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'तून कडक टीका झाली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंची बाजू अशी होती की मी मुलींना बोलावत नाही, पण माझी श्रद्धा लपवणारही नाही.

येशूनं दार लावायला सांगितलं आणि रमाबाईंनी ते उघडं ठेवलं, मग हे उलट नाही का झालं? मला तसं वाटत नाही. दार लावायचं ते दिखावा होऊ नये म्हणून. उघडं ठेवायचं ते लपवाछपवी होऊ नये म्हणून. दिखावा आणि लपवाछपवी ही दोन्ही अप्रामाणिकपणाचीच रूपं आहेत.

तरीही टीकाकारांचा प्रश्न एका शिक्षकाला उडवून लावता येणार नाही. लहान मुलांना बाई जे करतात ते करावंसं वाटतं. बोलावलं नाही तरी ती येतात. पालकांना दिलेला शब्द आणि स्वतःची श्रद्धा या दोन्हींशी एकाच वेळी खरं राहणं अवघड असतं. रमाबाईंच्या बाजूनं एवढं नक्की म्हणता येईल की पुढे दौंड तालुक्यात केडगावला त्यांनी 'मुक्ती'चं काम उभं केलं, ते उघडपणे ख्रिस्ती होतं. पाटी एक आणि आत दुसरंच, असं तिथे नव्हतं.

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. पती, कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी लगेच मान डोलावली नाही. आधी काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नंतर एकत्र आल्यावरही सोवळंओवळं पाळत होत्या. माणसामाणसातली उच्चनीचता देवानं केलेली नाही, हे स्वतःला पटलं तेव्हाच त्यांनी पाऊल टाकलं. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी स्वतःचे हट्ट आणि भांडणंही हसतहसत लिहून ठेवली आहेत. न पटताच 'हो' म्हणणं हेही खोटंच, हे मुलांना त्यांच्याकडून शिकवता येतं.

आता आपल्या पवनानगरकडे येऊ. शनिवार-रविवारी धरणाच्या काठी पर्यटक येतात. अनेक पालकांचा टेंटचा, जेवणाचा, चहा-कणसांचा धंदा आहे. मूल गल्ल्याशेजारी बसलेलं असतं. गाववाल्याला एक भाव आणि पुण्या-मुंबईच्या गाडीवाल्याला दुसरा, हे त्याला दिसतं. सोमवारी आम्ही फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' असा सुविचार लिहितो. मुलानं कुठला धडा लक्षात ठेवावा?

नुसतं पालकांना बोलून भागणार नाही. ऑनलाइन प्रशिक्षणाच्या प्रश्नमंजुषेची उत्तरं शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतात. प्रदर्शनातले प्रकल्प मुलांच्या नावावर आणि हात मोठ्यांचा, हेही सर्रास चालतं. 'एवढं चालतंच की' हे वाक्य मुलं आपल्याच तोंडून ऐकतात.

म्हणून या नाताळात दहा मिनिटं काढा. जक्कयाची गोष्ट सांगा आणि विचारा, 'त्यानं नुसती माफी मागितली असती तर चाललं असतं का?' मोठ्या वर्गात रमाबाईंचं उघडं दार सांगा आणि मुलांना दोन्ही बाजूंनी बोलू द्या. यात कुणाचा धर्म शिकवणं नाही. येशूची गोष्ट ऐकून हिंदू, मुस्लिम, बौद्ध मूल आपापल्या घरचंच राहतं, फक्त सुट्टे पैसे मोजून परत देताना त्याला ती आठवावी.

आणि घरी, शाळेत आपण एवढं करू या : मुलांसमोर जे करायला संकोच वाटतो, ते त्यांच्या मागेही करायचं नाही.